बग्गीच्या रस्त्यावर सायकल



मागच्या पालक-सभेत इयत्ता सातवीतील एका मुलीच्या आई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रार्थनेच्या वेळी तुम्ही मुलांना सायकल चालवा म्हणून सांगता. चालवायची कुठे, तेही सांगा." सभेत थोडा हशा झाला. त्या मात्र हसत नव्हत्या. त्यांचे घर शाळेपासून दीड किलोमीटरदेखील नाही, तरी मुलगी व्हॅनने येते. कारण मधला चौक तिने एकटीने ओलांडावा, एवढा धीर त्यांना होत नाही. आम्ही "अवश्य विचार करू" असे काहीतरी बोलून पुढच्या विषयाकडे वळलो. घरी गेल्यावर त्याची लाज वाटली. शाळेचा सायकल-स्टँड पाहिला तरी त्यांचा प्रश्न किती खरा आहे ते कळते. पूर्वी पहिल्या घंटेला उशिरा येणाऱ्याला तिथे चाक टेकवायला जागा मिळत नसे. आता अर्ध्या भागात स्कूटर उभ्या असतात आणि उरलेल्या भागात मोडकी बाके.

त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही आमच्याजवळ नाही. पण जिथे मोटारीला मज्जाव आहे आणि सायकलस्वार समुद्राजवळच्या डोंगरांतून दिवसभर निर्धास्त हिंडू शकतो, अशी एक जागा २०२४ च्या उन्हाळी सुटीत आम्हाला पाहायला मिळाली. लेकीकडे बोस्टनला गेलो होतो, तिथून तिने व जावयांनी आम्हाला नेले. ती जागा कशी तयार झाली आणि मुख्य म्हणजे कशी टिकली, याची माहिती या अंकाच्या अभ्यासलेखात देत आहोत. भूगोल, विज्ञान आणि गणित या तिन्ही विषयांचे काही ना काही त्यात आहे.

जागा कुठे आहे

नकाशात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा ईशान्य कोपरा पाहा. तिथे मेन नावाचे राज्य आहे. त्याचा अटलांटिक महासागराकडचा किनारा इतका दंतुर आहे की आपल्या कोकणपट्टीच्या खाड्याही त्यापुढे साध्या वाटाव्यात. या किनाऱ्याला लागून मौंट डेझर्ट नावाचे मोठे बेट आहे. मुख्य भूमीशी ते पुलाने जोडलेले आहे. अक्षांश साधारण ४४ अंश उत्तर, म्हणजे इंदूरच्या जवळजवळ दुप्पट. इथले मूळ रहिवासी वाबनाकी लोक. १६०४ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी सॅम्युअल द शाँप्लेन याने समुद्रातून या बेटाचे उघडेबोडके डोंगरमाथे पाहिले आणि 'ओसाड डोंगरांचे बेट' अशा अर्थाचे नाव दिले. त्याचेच आजचे मौंट डेझर्ट झाले. नावातल्या डेझर्टमुळे कुणी वाळवंट समजू नये. माथे सोडले तर सगळीकडे दाट झाडी आहे.

या बेटाच्या मोठ्या भागावर अकेडिया राष्ट्रीय उद्यान आहे. सर्वांत उंच डोंगर कॅडिलॅक, उंची १,५३० फूट म्हणजे ४६६ मीटर. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर याहून उंच डोंगर नाही, असे तिथे अभिमानाने सांगतात. मुलांनो, आपले इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. म्हणजे आपण वर्गात बसल्या बसल्या त्यांच्या शिखराहून उंच असतो! पण तो डोंगर थेट समुद्रातून उभा राहतो, आपण पठारावर आहोत. त्यामुळे दिसायला तो डोंगर दिसतो आणि आपण सपाटीवर. उंची कुठून मोजायची, हा भूगोलातला नेहमी चुकणारा मुद्दा आहे.

डोंगर गुलाबीसर ग्रॅनाइटचे आहेत. हिमयुगात त्यांच्यावरून प्रचंड हिमस्तर सरकत गेला. त्याने माथे घासून गोल केले, मधल्या दऱ्या खरवडून खोल केल्या. हिम वितळल्यावर त्या दऱ्यांत पाणी साठून उत्तर-दक्षिण लांबट तलाव झाले. ईगल लेक, जॉर्डन पाँड, बबल पाँड ही त्यांतली काही नावे. पहिल्या दोन तलावांचे पाणी आजही जवळच्या गावांना पिण्यासाठी जाते, म्हणून त्यांत पोहण्याला बंदी आहे. सायकलचे रस्ते मुख्यतः या तलावांच्या काठांनी आणि डोंगरांच्या कमरेवरून जातात.

मोटारीला घाबरलेला तेलवाला

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे बेट श्रीमंतांचे उन्हाळ्यातले हवा खाण्याचे ठिकाण झाले. त्यांच्या मोठमोठ्या वाड्यांना ते लोक 'कॉटेज' म्हणत. बेटावर मोटारींना बंदी होती. बार हार्बर या मुख्य गावाने १९१३ मध्ये ती उठवली आणि १९१५ पर्यंत सगळे बेट मोटारींना मोकळे झाले.

त्याच्या आधीच काही जाणत्या लोकांना धास्ती पडली होती की अशाने जंगल तुकड्या-तुकड्यांनी विकले जाईल. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट आणि जॉर्ज डॉर यांनी १९०१ मध्ये सार्वजनिक जागांसाठी एक विश्वस्त मंडळ उभारले आणि जमिनी दान मिळवायला व विकत घ्यायला सुरुवात केली. (आमच्या विश्वस्तांनी लक्ष द्यावे, तिथेही सुरुवात विश्वस्तांनीच केली!) पंधरा वर्षे जमीन गोळा करून १९१६ मध्ये ती त्यांनी केंद्र सरकारच्या हवाली केली. १९१९ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तेव्हा नाव लाफायेत होते. १९२९ पासून अकेडिया. मिसिसिपी नदीच्या पूर्वेचे हे पहिले राष्ट्रीय उद्यान. डॉर यांनी यात आपले आयुष्य आणि बरीचशी संपत्ती घातली.

रस्त्यांची कथा मात्र आणखी एका माणसाची आहे. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांचे इथे उन्हाळी घर होते. वडिलांची कंपनी म्हणजे स्टँडर्ड ऑइल. ती एवढी अवाढव्य झाली होती की १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचे तुकडे करण्याचा आदेश दिला. या घराण्याचा पैसा तेलाचा. आधी दिव्याचे घासलेट, मग मोटारीचे पेट्रोल. आणि त्याच पैशातून धाकट्या रॉकफेलरांनी १९१३ पासून १९४० पर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षे, या बेटावर असे रस्ते बांधले की ज्यांवर मोटारीने कधी यायचे नाही. फक्त घोडा, घोडागाडी आणि पायी माणूस. एकूण ५७ मैल, त्यांपैकी सुमारे ४५ मैल आज उद्यानात आहेत. इंग्रजीत त्यांना कॅरेज रोड म्हणतात. ज्या शहराने होळकरांच्या बग्ग्या पाहिल्या तिथल्या वाचकांसाठी आपण बग्गीरस्ते म्हणू.

यात विरोधाभास आहे, तो आम्ही झाकत नाही. ज्या पेट्रोलने जगभरचे रस्ते भरून टाकले त्याच्याच नफ्यातून एक कोपरा शांत राखला गेला. रॉकफेलर हे कसलेले घोडेस्वार होते आणि रस्ते कसे बांधावे हे त्यांनी वडिलांच्या जमिनींवर लहानपणापासून पाहिले होते. त्यांना हवे होते ते आधी स्वतःसाठी, हेही खरे. शिवाय सगळे खूश होते असेही नाही. रानात रस्तेच नकोत, रान रानासारखे राहू द्या, असे म्हणणारे त्या काळीही होते आणि त्यांचे म्हणणे निव्वळ वेडेपणाचे नव्हते. पण शंभर वर्षांनंतर आमच्यासारखा पन्नाशी ओलांडलेला, गुडघ्यांची कुरकुर ऐकत चालणारा माणूस त्या रानाच्या मध्यापर्यंत सायकलने जाऊ शकला तो त्या रस्त्यांमुळेच. तेव्हा आम्ही कुणाच्या बाजूने आहोत ते सांगायला नको.

रस्ता आतून कसा असतो

लेखातला मुख्य भाग हाच आहे. आठवी ते दहावीच्या मुलांनी सावकाश वाचावा.

बग्गीरस्ता साधारण १६ फूट रुंद आहे. डांबर नाही, सिमेंट नाही. फोडलेल्या दगडांचे तीन थर आहेत. खाली मोठे दगड, वर बारीक होत जाणारे, आणि सर्वांत वर चाळलेली बारीक खडी दाबून बसवलेली. (आपण इकडे हिंदीच्या संगतीने गिट्टी म्हणतो. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने खडी हा शब्द आम्ही बऱ्याच उशिरा शिकलो. दोन्ही चालतील.) असे फोडलेल्या दगडांचे रस्ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडचे जॉन मॅकॅडम यांनी रूढ केले. कोपरेदार दगड दाबले की एकमेकांत अडकून बसतात. नदीतले गोल गोटे मात्र घसरत राहतात. मॅकॅडम यांचा मुख्य सिद्धांत असा की रस्त्याखालची जमीन कोरडी राहिली तर ती कोणतेही वजन पेलते. म्हणजे रस्त्याचा खरा शत्रू चाक नाही, पाणी आहे.

म्हणून बग्गीरस्ता मधोमध उंच असतो, कासवाच्या पाठीसारखा. कडेपेक्षा मध्य ६ ते ८ इंच वर. पाऊस पडला की पाणी दोन्ही बाजूंना ओघळते. कडेला रुंद चर, आणि ठिकठिकाणी रस्त्याच्या खालून जाणाऱ्या दगडी मोऱ्या, म्हणजे डोंगरावरून येणारे पाणी रस्त्यावर न चढता खालून पलीकडे जाते. आम्ही सायकलवरून उतरून एका मोरीत वाकून पाहिले. कुणाला कधी दिसणार नाही अशा जागीदेखील दगड नीट घडून, सांधे जुळवून बसवलेले होते. जावई हसून म्हणाले, "फोटो समुद्राचे काढायचे सोडून तुम्ही गटाराचे काढता!" काढले खरे. ते शाळेच्या सूचना-फलकावर लावले आहेत.

चढ फार बेताचे आहेत. घोड्याला गाडी ओढता यावी म्हणून रस्ता सरळ वर न नेता डोंगराला वळसे देत नेला आहे. जे घोड्याला सोसते ते सायकलस्वाराच्या पायांनाही सोसते. या रस्त्यांवर आज सायकली इतक्या दिसतात त्याचे कारण हेच. खरे तर ते सायकलसाठी बांधलेच नव्हते. बाहेरच्या कडेला, जिथे खाली दरी आहे, तिथे ग्रॅनाइटचे ओबडधोबड मोठे चिरे ओळीने उभे केले आहेत. गाडी घसरली तर अडावी म्हणून. लोक त्यांना 'रॉकफेलरचे दात' म्हणतात. आमच्या नातवाने तेवढेच एक लक्षात ठेवले आहे.

ओढे आणि रस्ते ओलांडायला दगडी तोंडाचे १७ पूल आहेत, त्यांपैकी १६ रॉकफेलरांच्या पैशाने झाले. पहिला पूल १९१७ चा, गोट्यांनी बांधलेला. एकासारखा दुसरा नाही. बहुतेक पुलांच्या पोटात काँक्रीट असून वर ग्रॅनाइट आहे. १९२८ चा बबल पाँडचा पूल मात्र निव्वळ दगडाचा आहे. दगड त्याच बेटावरचा. १९२७ च्या ईगल लेक पुलाची मौज वेगळी. त्याच्या वरून मोटारींचा हमरस्ता जातो आणि खालून बग्गीरस्ता. आम्ही कमानीखालून जात असताना डोक्यावरून एक ट्रक धडधडत गेला आणि पुढच्या वळणावर पुन्हा पक्ष्यांचे आवाज. मोटार आणि घोडा यांची शक्यतो एका पातळीवर गाठच पडू द्यायची नाही, हे सूत्र बहुतेक ठिकाणी पाळले आहे. ज्या आईंनी आम्हाला प्रश्न विचारला त्यांची भीती नेमकी त्या गाठीचीच आहे. मुलगी रस्त्यावर पडेल याची नव्हे.

प्रत्यक्ष फेरी

जूनचा पहिला आठवडा होता. हवा थंड, सकाळी धुके, आणि चावणाऱ्या काळ्या माश्यांचा मोसम. ईगल लेकभोवतीची फेरी सुमारे ६ मैलांची, म्हणजे साधारण १० किलोमीटर. ती आम्ही पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी बबल पाँडवरून जॉर्डन पाँडकडे गेलो. तिथे तलावाकाठच्या हिरवळीवर चहा आणि पॉपओव्हर नावाचा आतून पोकळ, फुगलेला पाव खाण्याची प्रथा १८९० च्या दशकापासून आहे. चहा आपल्या मानाने पाणचट. पाव लोणी-जॅमबरोबर बरा लागला, पण पोहे-जिलेबीची सर त्याला नाही.

प्रत्येक चौफुलीवर लाकडी खांब असून त्यावर क्रमांक असतो. तोच क्रमांक नकाशात. त्यामुळे परक्या देशात, भाषेची अडचण असूनही, हरवण्याची भीती वाटत नाही. पहिला अर्धा तास मात्र आमचा हात सारखा घंटीकडे जात होता आणि मान मागे वळत होती. मागून काही येत नाही, यावर शरीराचा विश्वास बसायला वेळ लागतो.

आता एक फजिती सांगतो, कारण ती मुलांच्या कामाची आहे. आपल्याकडे सायकलचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डावा मागच्या चाकाचा. अमेरिकेत बहुधा उलट असते. दुकानदाराने सांगितले होते, आम्ही मान डोलावली होती. उतारावर एका वळणात समोर घोडागाडी दिसली. घाईत आम्ही सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला. दाबला गेला पुढचा! ब्रेक लावला की वजन पुढे झुकते, मागचे चाक हलके होते. त्यात बारीक खडीवर पुढचे चाक थांबले तर ते घसरून वाकडे होते आणि स्वार त्याच्यामागोमाग. कोपर सोलले, चश्मा वाचला. गाडीवानाने घोडे थांबवले, चौकशी केली आणि जाताना एवढेच म्हणाला की अजून थोडे हळू. त्यानंतर आम्ही उतार लागला की आधी थांबून कोणता हात कोणत्या चाकाचा ते मनात म्हणत असू. नवीन सायकल हातात आली की मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहावेत, हे आम्ही मुलांना वीस वर्षे सांगत आलो आहोत.

तिथला नियम साधा आहे. सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला. जो जास्त वेगाचा त्याने आधी नमते घ्यायचे. मागून जाताना आवाज देऊन जायचे, कारण सायकल निःशब्द असते आणि घोडा बिचकतो. वेगाची कमाल मर्यादा ताशी २० मैल. विजेच्या सायकली २०१९ पासून चालतात, पण पायडल मारले तरच मोटर मदत करील अशाच. नुसती मूठ पिळून पळणाऱ्या चालत नाहीत. बेटावरच्या काही बग्गीरस्त्यांवर, जे खासगी संस्थेच्या जमिनीत आहेत, सायकलला मुळीच परवानगी नाही. म्हणजे वाहनमुक्त रस्ता हाही नियमांनीच चालतो.

एक गोष्ट मात्र खटकली. या मोटारमुक्त रस्त्यावर पोहोचण्यासाठी आम्ही बोस्टनहून साडेचारशे किलोमीटर मोटारीने आलो होतो, सायकली तिच्या मागे टांगून. आणि ईगल लेकपाशी गाडी लावायला जागा मिळेना म्हणून तीन चकरा मारल्या. २०२१ मध्ये उद्यानात येणाऱ्यांची संख्या प्रथमच ४० लाखांवर गेली, आणि त्याच वर्षापासून कॅडिलॅक डोंगरावर गाडी न्यायला मोसमात आगाऊ आरक्षण लागते. १९९९ पासून उन्हाळ्यात फुकट बस चालतात व त्यांवर सायकलीही नेता येतात, पण आम्ही गेलो तेव्हा त्या सुरू व्हायच्या होत्या.

आपल्या मराठी मुलखात वाहनमुक्त जागा म्हटली की माथेरान आठवते. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. आत लाल मातीचे रस्ते, घोडे आणि पायी माणसे. ते डोंगरावर आहे, किनाऱ्यावर नाही, आणि सायकल-सहलीचे ठिकाणही नाही. पण पावसाने धुपणारी माती आणि येणाऱ्यांची गर्दी हे दोन्ही प्रश्न तिथेही आहेत.

बांधणे आणि राखणे

रॉकफेलर १९६० मध्ये वारले. त्यांच्या हयातीत रस्त्यांची देखभाल करायला माणसे असत. नंतर उद्यानाकडे तेवढे हात आणि पैसे उरले नाहीत. काय झाले असेल? कुणी रस्ता तोडला नाही. फक्त पाने पडली. पाने चरांत साठली, मोऱ्या तुंबल्या, कडेची झाडे वाढून त्यांची मुळे आत आली, आणि पावसाच्या पाण्याला बाजूला जायला वाट न राहिल्याने ते रस्त्यावरूनच वाहू लागले. वरची बारीक खडी धुऊन गेली, कासवाची पाठ सपाट झाली. तीस वर्षांत जगात नावाजलेले रस्ते खड्ड्यांचे झाले. १९९२ ते १९९५ या काळात त्यांची समूळ दुरुस्ती झाली. सरकारी निधी आणि त्याला जोड म्हणून 'फ्रेंड्स ऑफ अकेडिया' या नागरिकांच्या संस्थेचे पैसे. संस्थेने केवळ दुरुस्तीला पैसे दिले नाहीत. देखभालीसाठी कायम निधी उभा केला. मूळ रक्कम तशीच राहते, तिच्या उत्पन्नातून दर वर्षी चर साफ होतात, झाडे छाटली जातात. पानझडीनंतर स्वयंसेवक पंजे घेऊन येतात आणि पाने ओढतात.

आणखी एक शिस्त आम्हाला विशेष वाटली. हिवाळ्यात रस्त्याच्या पोटातले पाणी गोठते. पाण्याचे बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्याने थर वर उचलले जातात. वसंतात वरचा भाग आधी वितळतो, खाली अजून बर्फ. पाण्याला खाली जाता येत नाही आणि वर लापशीसारखा चिखल होतो. त्या दिवसांत बग्गीरस्ते सर्वांना बंद. घोड्यांना, सायकलींना, पायी चालणाऱ्यांनाही. कितीही लांबून आलेला असो. एवढे करूनही निसर्ग मधूनच हिशेब मागतो. जून २०२१ मध्ये काही तासांच्या मुसळधार पावसाने काही भागांची खडी वाहून गेली आणि पुन्हा भरावी लागली.

आता आमच्या मैदानाकडे या. जुन्या पालकांना आठवत असेल, २०१६ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून मैदानाच्या कडेने मुरमाचा सायकल-पथ केला होता. फीत कापली, फोटो निघाले, लहान मुलांनी पहिल्या दिवशी रांगेने फेऱ्या मारल्या. तीन पावसाळ्यांत तो गेला. आज तिथे पथ होता हे सांगावे लागते. तेव्हा आम्ही दोष मुरमाला दिला, पावसाला दिला. अकेडियाच्या मोरीत वाकून पाहताना दोष कुणाचा ते समजले. पथ सपाट होता. कडेला नाली नव्हती. खाली माळव्याची काळी माती, जी पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. बर्फ तिथे जे करतो तेच ही माती इथे दर वर्षी करते. देणगी मागताना आम्ही रस्त्याचे पैसे मागितले, नालीचे आणि पुढच्या देखभालीचे मागितले नाहीत. नालीवर देणाऱ्याचे नाव कोरता येत नाही, हेही त्यामागे होते.

येत्या बैठकीत विश्वस्त मंडळापुढे आम्ही दोन गोष्टी ठेवत आहोत. पहिली, सायकल-पथ पुन्हा करावा. पण कमी लांबीचा, मधोमध उंच, दोन्ही कडांना नाली असलेला. आणि जी रक्कम जमेल तिचा एक भाग बँकेत कायम ठेवावा, त्याच्या व्याजातून दर पावसाळ्याआधी नाल्या साफ व्हाव्यात. पावसाच्या दिवसांत पथ बंद राहील, तेव्हा मुलांनी व पालकांनी नाराज होऊ नये. दुसरी गोष्ट पालकांना आवडेलच असे नाही. सकाळी शाळा भरण्याआधीची पंधरा मिनिटे फाटकासमोरच्या गल्लीत व्हॅन, मोटार, स्कूटर कुणीही आणू नये. मुलांना गल्लीच्या तोंडाशी उतरवावे आणि तिथून ती पायी किंवा सायकलने आत यावीत. याला मोटारीने मुलांना सोडणाऱ्या पालकांची संमती लागेल, आणि शिक्षकांच्या स्कूटरनाही हाच नियम लागेल, आमच्या गाडीसह.

मधल्या चौकाचे काय, हे त्या आई पुन्हा विचारतील. चौक आमच्या हातात नाही. गल्ली आहे.

करून पाहा

१. बग्गीरस्ता १६ फूट रुंद व मध्ये ६ इंच उंच असेल तर मध्यापासून कडेपर्यंतचा उतार किती? ८ इंच उंच असेल तर किती? आमचा पथ ८ फूट रुंद धरला आणि पहिलाच उतार ठेवला, तर मध्य किती इंच उंच हवा?

२. ४५ मैलांचे किलोमीटर करा. ताशी १० किलोमीटर वेगाने रोज तीन तास सायकल चालवली तर एवढे अंतर जायला किती दिवस लागतील?

३. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी भरून पातळीची खूण करा. झाकण सैल ठेवून बाटली उभी गोठवा. दुसऱ्या दिवशी पातळी किती वर गेली ते मोजा. काचेची बाटली घेऊ नये.

४. दोन ताटांत काळी माती व मुरूम वेगवेगळे पसरा. दोन्हींवर सारखे पाणी ओता, आठवडाभर उन्हात ठेवा आणि रोज भेगांचे चित्र काढा.

५. पुढचा मोठा पाऊस पडेल तेव्हा व्हरांड्यातूनच मैदान पाहा. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठून बाहेर जाते, याचा बाण काढून नकाशा करा. नकाशे वर्गशिक्षकांकडे द्यावेत. नाली कुठे खणायची ते ठरवताना आम्ही तेच समोर ठेवणार आहोत.